‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ पुन्हा पुन्हा येतंय? फॉरमॅट करण्याआधी एडिशन तपासा

लक्षण ओळखीचं आहे. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिक्या अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ उमटतं. वॉलपेपर बदलायला जावं तर पर्सनलायझेशनचे पर्याय बंद. कुणीतरी येऊन काहीतरी करतं, अक्षरं जातात आणि काही महिन्यांनी परत येतात. मग पुन्हा फॉरमॅट, पुन्हा सगळी सॉफ्टवेअर टाका, प्रिंटर जोडा, पासवर्ड आठवत बसा. कित्येक घरांत हे वर्षानुवर्षं चालू असतं आणि खापर फुटतं ते व्हायरसवर, जुन्या हार्ड डिस्कवर नाहीतर इंटरनेटवर.

माझ्याकडे येणाऱ्या अशा मशीनमध्ये बहुतेक वेळा घोळ एकच निघतो. मशीनला लायसन्स एका एडिशनचं (होम, प्रो असे विंडोजचे जे प्रकार असतात त्यांतल्या एकाचं) असतं आणि त्यावर टाकलेलं विंडोज दुसऱ्याच एडिशनचं. दरवेळी फॉरमॅट करून पुन्हा तीच चुकीची एडिशन टाकली जाते, मग दुखणं जाणार कसं? म्हणून पेनड्राइव्ह हातात घेण्याआधी दोन गोष्टी माहीत करून घ्या: आत्ता मशीनवर कोणती एडिशन आहे, आणि मशीनच्या नावावर लायसन्स कोणत्या एडिशनचं आहे.

आत्ता काय टाकलेलं आहे

विंडोज की आणि आर एकत्र दाबा. रनची छोटी खिडकी उघडेल. तिथे रोमन अक्षरांत ‘विनव्हर’ टाइप करा (डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर, अधे जागा न सोडता) आणि एंटर मारा. विंडोज १० की ११, कितवं व्हर्जन, होम की प्रो, हे सगळं तिथे दिसतं. हा झाला सोपा भाग.

खरी माहिती पुढच्या कमांडमध्ये आहे. त्याच रनच्या खिडकीत ‘एसएलएमजीआर’, मग एक जागा सोडून, स्लॅश आणि लगेच ‘डीएलआय’ टाका. दोन-चार सेकंदांनी एक चौकट उघडते. तिची रचना जुनाट आहे आणि मजकूर तांत्रिक वाटतो, पण घाबरू नका. पहिल्या ओळीत एडिशनचं नाव असतं. त्याखाली डिस्क्रिप्शनची ओळ असते आणि तिच्या शेवटी ‘चॅनल’ हा शब्द येतो. चॅनलच्या आधी जे लिहिलंय ते नीट वाचा. ‘ओईएम_डीएम’ असेल तर लायसन्स कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने मशीनसोबत दिलेलं आहे. ‘रिटेल’ असेल तर ते वेगळं विकत घेतलेलं आहे किंवा डिजिटल लायसन्स (मायक्रोसॉफ्टकडे मशीनच्या नावाने नोंदलेलं) आहे. आणि ‘व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट’ असेल तर तुमच्या सगळ्या त्रासाचं मूळ तिथेच सापडलं; केएमएस म्हणजे काय ते पुढे सांगतो.

डीएलआयच्या जागी ‘एक्सपीआर’ टाकून तीच कमांड पुन्हा चालवा. मशीन कायमचं अ‍ॅक्टिव्हेट असेल तर तसं स्पष्ट सांगितलं जातं. केएमएसवाल्या मशीनवर मात्र तारीख येते: अमुक दिवशी व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेशन संपेल. घरच्या कॉम्प्युटरवर अशी तारीख दिसायचं काही कारणच नाही.

दर सहा महिन्यांनी परत येणारी अक्षरं

ओळखीच्या एका काकूंचा डेस्कटॉप असाच होता.

“दर पाच-सहा महिन्यांनी हे येतंच बघ,” काकू म्हणाल्या. “तो मुलगा येतो, काहीतरी चालवतो, अँटीव्हायरस बंदच ठेवा म्हणतो आणि जातो.”

“काकू, कॉम्प्युटर घेतला तेव्हाचं बिल आहे का?”

बिल होतं. त्यावर विंडोज होम असं स्वच्छ छापलेलं. डीएलआयची चौकट मात्र प्रोफेशनल एडिशन सांगत होती आणि चॅनल होता केएमएसक्लायंट. म्हणजे होमचं लायसन्स मशीनमध्ये पडून होतं, त्याचे पैसेही भरलेले होते, आणि वर टाकलं होतं भलतंच प्रो.

केएमएस म्हणजे काय ते समजलं की हे सहा महिन्यांचं कोडं सुटतं. ही सोय मोठ्या संस्थांसाठी आहे. शेकडो कॉम्प्युटरमध्ये एकेक की (लायसन्सचा पंचवीस अक्षरी क्रमांक) भरत बसायला नको म्हणून संस्था आपल्याच नेटवर्कमध्ये एक सर्व्हर ठेवते आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याच्याकडून अ‍ॅक्टिव्हेशन घेतात. हे अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. कॉम्प्युटर दर ७ दिवसांनी सर्व्हरला गाठून मुदत वाढवून घ्यायचा प्रयत्न करतो. त्यातून, संस्थेतले किमान २५ कॉम्प्युटर मागणी करत नाहीत तोवर तो सर्व्हर साध्या कॉम्प्युटरवरच्या विंडोजला अ‍ॅक्टिव्हेट करतच नाही. आता घरात असा सर्व्हर कुठून येणार? म्हणून ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाची क्रॅक सॉफ्टवेअर खोटा सर्व्हर असल्याचं सोंग करतात. त्यांना पाठीमागे सतत चालू राहावं लागतं, आणि अँटीव्हायरस त्यांना पकडतो म्हणून तोच बंद करायला सांगितलं जातं. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात तिथे एका पुसट ओळीपायी सुरक्षा काढून टाकायची, हे मला अजिबात पटत नाही. असली सॉफ्टवेअर मालवेअर पसरवण्याचा नेहमीचा रस्ता आहेत. ती मशीनवर असतील तर आधी काढा, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला आणि मगच पुढचं बघा.

ऑफिसने जुना लॅपटॉप कर्मचाऱ्याला देऊन टाकला की तिथेही हेच होतं. त्यावर एंटरप्राइझ ही संस्थांसाठीची एडिशन असते, ऑफिसच्या नेटवर्कमध्ये असेपर्यंत सगळं ठीक चालतं आणि घरी आल्यावर १८० दिवसांत मुदत संपते. लॅपटॉपचं स्वतःचं मूळ लायसन्स बहुधा प्रोचं असतं. ते शोधा आणि प्रो टाका.

थोडा वेगळा प्रकार म्हणजे एंटरप्राइझची चाचणी आवृत्ती. ती ९० दिवसांची असते आणि मुदत संपल्यावर कॉम्प्युटर दर तासाला आपोआप बंद पडू लागतो. “पॉवर सप्लाय गेलाय” म्हणून आलेलं मशीन बरोबर तासातासाने बंद होत असेल, तर पॉवर सप्लाय बदलण्याआधी विनव्हर बघा.

मशीनच्या नावावर काय आहे

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोठ्या कंपन्यांच्या तयार कॉम्प्युटरमध्ये लायसन्सची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेली असते. हार्ड डिस्क बदला, एसएसडी टाका, फॉरमॅट करा, ती तिथेच राहते. खाली चिकटवलेल्या स्टिकरवर पंचवीस अक्षरं सापडत नाहीत ती याचमुळे.

ती वाचायची झाली तर पॉवरशेलमधून (कमांड चालवायच्या विंडोजच्या खिडकीतून) सॉफ्टवेअर-लायसन्सिंग-सर्व्हिस या क्लासची माहिती मागवावी लागते. त्यात ‘ओए३एक्स-ओरिजिनल-प्रॉडक्ट-की’ नावाची नोंद असते आणि तिच्याच शेजारी ‘डिस्क्रिप्शन’ जोडलेली दुसरी. आपल्या कामाची ती दुसरी, कारण एडिशन तिच्यात लिहिलेली असते. तिथे होम हा शब्द शोधू नका, सापडणार नाही. होमचं आतलं नाव ‘कोअर’ आहे. होम सिंगल लँग्वेजचं ‘कोअर-सिंगल-लँग्वेज’ आणि प्रोचं ‘प्रोफेशनल’. दोन्ही नोंदी रिकाम्या असतील तर फर्मवेअरमध्ये की नाही. सुटे भाग घेऊन जोडलेल्या मशीनमध्ये असंच असतं. मग बिल, खोका, की आलेली जुनी ईमेल, जे मिळेल ते शोधा.

‘की फाइंडर’ सॉफ्टवेअरवर मात्र विसंबू नका. त्यांनी दाखवलेली की ३व्ही६६टी अशी संपत असेल, तर ती प्रोची सर्वसाधारण की आहे. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या असंख्य प्रो मशीनवर तीच दिसते. ती टाकली की एडिशन बदलते, अ‍ॅक्टिव्हेशन मात्र होत नाही. “माझी की लिहून ठेवली होती, तरी चालेना” ही तक्रार बहुतेक वेळा या कीमुळेच येते.

एरर कोड काय म्हणतो

सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर लांबलचक कोड दिसतो. शेवटची चार अक्षरं बघितली तरी बरंचसं कळतं. शेवटी एफ२१२ असेल तर मशीनच्या डिजिटल लायसन्सची एडिशन आणि टाकलेली एडिशन जुळत नाही, म्हणजे आपलाच विषय. एफ२११ असेल तर हार्डवेअर बदलल्याचं विंडोजला वाटतंय. मदरबोर्ड बदलल्यावर हा येतो. एफ०७४ म्हणजे केएमएस सर्व्हरशी संपर्क होत नाही. सी००३ म्हणजे की ब्लॉक झालेली आहे, आणि सी००८ म्हणजे ती जितक्या वेळा चालायला हवी त्याहून जास्त वेळा वापरली गेली. शेवटचे दोन कोड अगदी स्वस्तात मिळालेल्या कीवर भेटतात. अशा किया पुष्कळदा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून (अनेक मशीनसाठी एकत्र घेतलेल्या) फुटलेल्या असतात. सुरुवातीला छान चालतात, पुढे बंद होतात आणि तुमच्या हाती काहीच राहत नाही.

दुरुस्ती

होमचं लायसन्स आणि वर प्रो, हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. वाईट बातमी आधी सांगतो: प्रोवरून होमवर जाण्यासाठी सेटिंग्जमध्ये रस्ता नाही. होमची की टाकून बघाल तर ती घेतली जात नाही. विंडोजमध्ये एडिशन वर चढते, खाली उतरत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एडिशनचं नाव बदलून विंडोजला फसवण्याच्या युक्त्या फिरत असतात, पण पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची शाश्वती नसलेलं मशीन मी कुणाच्या घरी ठेवणार नाही. ‘रिसेट धिस पीसी’नेही काम होत नाही, कारण रिसेट असलेलीच एडिशन पुन्हा टाकतो. सगळं पुसून नव्याने होम टाकायचं, हाच उपाय.

आधी बॅकअप घ्या, आणि फक्त डेस्कटॉप व डॉक्युमेंट्सवर थांबू नका. डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा हमखास राहतो. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहा. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर हे एन्क्रिप्शन कुणी न विचारता चालू झालेलं असू शकतं, तेव्हा “माझ्याकडे नसेल” असं गृहीत धरू नका.

मग किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने सेटअप तयार करा. मशीन त्यावरून चालू करा. फर्मवेअरमध्ये की असेल तर सेटअप ती वाचतो आणि एडिशन न विचारताच पुढे जातो. हे चांगलं लक्षण आहे. की मागितलीच तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा.

त्यानंतर यादी येते, आणि सगळा घोळ इथेच होतो. होम, होम एन, होम सिंगल लँग्वेज, एज्युकेशन, प्रो, अशी एकाखाली एक नावं दिसतात. टाकणारा घाईत असतो, प्रो म्हणजे भारी असं मनात असतं, आणि हाताला जे पहिलं लागेल ते निवडलं जातं. इथे आवड चालत नाही. डिस्क्रिप्शनच्या नोंदीत किंवा बिलावर जे नाव होतं तेच अक्षरशः निवडा. होम आणि होम सिंगल लँग्वेज या दोन वेगळ्या एडिशन आहेत, लायसन्सही वेगळी. सिंगल लँग्वेजच्या मशीनवर साधं होम टाकलं की अ‍ॅक्टिव्हेशन अडतं, आणि टाकणाऱ्याला कळत नाही की होमच तर टाकलंय, मग झालं काय.

सेटअप झाल्यावर इंटरनेट जोडा. एडिशन जुळली असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं. एक्सपीआरची कमांड चालवून ते कायमचं असल्याचं बघून घ्या. काकूंच्या मशीनवर बिलावरचं होम टाकलं, वायफाय जोडलं आणि की कुठेही टाइप न करता काम झालं. अँटीव्हायरसही चालू राहिला.

उलट प्रकार फारच सोपा. मशीनला होम आहे आणि तुमच्याकडे विकत घेतलेली प्रोची की आहे, तर फॉरमॅटची गरज नाही. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’ करा, एक-दोन रिस्टार्टमध्ये होमचं प्रो होतं, फाइल्स जागेवर राहतात. पुढे कधी फॉरमॅट केलंत तर सेटअप फर्मवेअरमधली होमची की वाचून पुन्हा होमच टाकेल. तेव्हा गोंधळू नका, प्रोची की परत टाका.

मदरबोर्ड बदलायचा असेल तर आधी लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडून ठेवा. नंतर अ‍ॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय निवडता येतो. रिटेल लायसन्स नव्या मशीनवर नेता येतं. कंपनीने दिलेलं ओईएम लायसन्स मूळ मशीनशी बांधलेलं असतं.

मग निवडायची कोणती

नवीन लायसन्स घ्यायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घरासाठी होम. प्रो वेगवान नाही. गेम, ब्राउझर, ऑफिसची सॉफ्टवेअर, मुलांचा अभ्यास, यांत तसूभर फरक पडत नाही. होममध्ये १२८ जीबी रॅमपर्यंत चालते, प्रोमध्ये २ टीबीपर्यंत. घरच्या मशीनमध्ये ३२ जीबीसुद्धा क्वचितच असते. अपडेट आणि डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस दोन्हींत सारखंच. डिस्क एन्क्रिप्शनसुद्धा, हार्डवेअर योग्य असेल तर, होममध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने मिळतं. बिटलॉकर या पूर्ण एन्क्रिप्शनचे सगळे बारीक पर्याय मात्र प्रोमध्येच.

प्रो घ्यावं कुणी? बाहेरून घरच्या मशीनवर विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने यायचं असेल त्याने. होमवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, पण होमवर येता येत नाही, आणि याच अटीवर बरेच जण अडतात. हायपर-व्ही किंवा विंडोज सँडबॉक्स (विंडोजच्या आत वेगळं विंडोज चालवायची सोय) लागत असेल, ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे नियम ठरवायचं साधन) लागत असेल, किंवा ऑफिसच्या डोमेनला (ऑफिसच्या ताब्यातल्या नेटवर्कला) मशीन जोडायचं असेल, तर प्रो. डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीवर) लिनक्सचा सराव करायचा असेल तर तो होमवरही होतो, त्यासाठी प्रो घेऊ नका.

एन लावलेल्या एडिशन टाळा. युरोपियन आयोगाच्या २००४ च्या निर्णयामुळे मायक्रोसॉफ्टला मीडिया प्लेअर वगळलेली आवृत्ती काढावी लागली, आणि तेव्हापासून या एन एडिशन आहेत. यादीत चुकून होम एन निवडलं की व्हिडिओ आणि वेबकॅम रुसतात. चुकून टाकलीच असेल तर ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक घाला.

एलटीएससी या दीर्घकाळ न बदलणाऱ्या आवृत्तीचा सल्ला आजकाल बराच दिला जातो: हलकं, कचरा नाही, वर्षानुवर्षं बदल नाही. हे खरं आहे. पण ती एंटरप्राइझची एडिशन आहे, स्टोअर त्यात येत नाही, आणि तिचं लायसन्स संस्थांच्या व्हॉल्यूम करारातून मिळतं. घरी ती बहुतेकदा येते ती क्रॅक होऊनच, आणि आपण पुन्हा केएमएसच्या फेऱ्यात सापडतो.

जुन्या मशीनबद्दल. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आता मुद्दाम नव्याने १० टाकू नका. मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (चालू होताना होणारी सुरक्षा तपासणी) आणि मान्य यादीतला प्रोसेसर असेल तर १० चं लायसन्स ११ च्या त्याच एडिशनला चालतं, होमला होम आणि प्रोला प्रो. आत्ताचं विंडोज ३२ बिटचं असेल तर जागच्या जागी अपग्रेड होणार नाही, कारण ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते बघा आणि नव्याने टाका. लायसन्स तेच चालतं.

११ बसतच नसेल आणि काम ब्राउझर, ईमेल व कागदपत्रांपुरतं असेल, तर लिनक्सचा विचार करा. तिथेही एडिशनचा प्रश्न आहेच. लिनक्सचाच प्रकार असलेलं उबंटू घेणार असाल तर नावात एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टची) असलेलीच आवृत्ती घ्या. तिला ५ वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. मधली टाकलीत तर वर्षाच्या आत पुन्हा अपग्रेड करत बसावं लागेल. आणि टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का ते तपासा. त्यासाठी हार्ड डिस्कला हातही लावावा लागत नाही.